सिंथेटिक ब्रशने वॉटरकलर करायचं तर पाणी कसं सांभाळायचं

सिंथेटिक ब्रशबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच, भरलेला ब्रश कागदावर टेकवला की भसकन सगळं पाणी एका जागी सांडतं, तिथं तळं होतं, आणि चार बोटं पुढं जात नाही तोवर ब्रश कोरडा ठणठणीत. मग माणूस म्हणतो ब्रशच भंगार आहे, नॅचरल हेअर घ्यायला पाहिजे होता. तक्रार खरी आहे, पण त्यावर महागडा ब्रश हा एकच उपाय आहे असं काही नाही. हा धागा पाणी कमी धरतो आणि पटकन सोडतो, हा त्याचा स्वभाव आहे, आणि तो एकदा हाताला कळला की बहुतेक कामं सिंथेटिकने मस्त होतात. काही कामं तर मी म्हणेन सिंथेटिकनेच करावीत, त्याबद्दल खाली येईलच.

आधी हे असं का होतं ते बघू. प्राण्याच्या केसावर, म्हणजे सेबल (विझेल कुळातल्या छोट्या प्राण्याचा केस) किंवा खारीच्या वगैरे, बारीक बारीक खवले असतात, मायक्रोस्कोपखाली बघितलं तर दिसतात. त्या खवल्यांत आणि केसाकेसांमधल्या फटीत पाणी अडकून बसतं आणि हळूहळू खाली उतरतं. शिवाय चांगल्या सेबलचा केस मधे जाड आणि दोन्हीकडे बारीक होत जातो, म्हणून ब्रशला आपोआप पोट येतं. सिंथेटिक म्हणजे नायलॉन नाहीतर पॉलिएस्टरचा धागा, मशीनमधून ओढून काढलेला, अंगाने गुळगुळीत, त्याला पाणी अडवून धरायला काही जागाच नाही. ड्यूपॉन्ट कंपनीने 1938 मध्ये नायलॉन बाजारात आणलं तेव्हा त्याचा पहिला माल टूथब्रशचे केस हा होता, आणि खरं सांगू का, अगदी स्वस्त पेंटिंग ब्रश आजही त्याच वळणावर आहेत, सगळे धागे एकाच जाडीचे, सरळ आणि ताठ.

चांगल्या कंपन्यांनी यावर बरीच डोकी लावलीयेत. एकाच ब्रशमधे वेगवेगळ्या जाडीचे धागे मिसळायचे, काही धागे लहरी केसांसारखे किंचित वेडेवाकडे ठेवायचे, टोकाकडे निमुळते करायचे, म्हणजे मधे फटी राहतात आणि त्यात पाणी थांबतं. म्हणून आजकालचे सिंथेटिक ढोबळमानाने दोन घराण्यांतले समजा. एक सेबलची नक्कल करणारे, स्प्रिंग असलेले, टोक बारीक, वाकवले की परत सरळ होणारे. दुसरे खारीच्या केसांची नक्कल करणारे, मऊ, ढिले, पाणी भरपूर धरणारे पण वाकवले की तसेच वाकून बसणारे. एस्कोडाचा पर्ला किंवा प्रिन्सटनचा हेरिटेज पहिल्या घराण्यातला, दा विंचीचा कासानेओ, प्रिन्सटनचा नेपच्यून, एस्कोडाचा अल्टिमो हे दुसऱ्या. विन्सर अँड न्यूटनचा कॉटमन हा विद्यार्थ्यांसाठीचा, पहिल्याच बाजूला झुकणारा. हे दोन स्वभाव माहीत नसताना ब्रश घेतला तर हमखास गोंधळ होतो, म्हणजे ज्याला डिटेलिंग करायचंय तो मऊ ब्रश घेऊन बसतो आणि मग म्हणतो टोकच राहत नाही, आणि ज्याला मोठं आकाश रंगवायचंय तो ताठ ब्रश घेऊन म्हणतो वॉश (मोठ्या जागेवर पसरलेला पातळ रंगाचा सलग थर) पट्ट्यापट्ट्यांचा येतो.

घेताना काय बघायचं

पहिली गोष्ट, बारा ब्रशचा सेट घेऊ नका. त्यातले निम्मे ब्रश 0, 1, 2 असे डासाच्या मिशीएवढे असतात आणि वॉटरकलरमधे ते कुणी फारसं वापरत नाही. सिंथेटिकमधे तर छोट्या नंबरचे राउंड (गोल, टोकदार ब्रश) म्हणजे डोकेदुखी, मुळात पाणी कमी धरणारा धागा आणि त्यात धागेच मूठभर, एक पान रंगवेपर्यंत चार वेळा पॅलेटकडे जावं लागतं. त्याच पैशात दोन चांगले ब्रश घ्या.

साइझबद्दल एक नियम मी सगळ्यांना सांगतो, नॅचरलमधे जो नंबर वापरला असता त्याच्या एक-दोन नंबर वर जा. म्हणजे कुणी सांगितलं 8 नंबर सेबल राउंड, तर तुम्ही सिंथेटिकचा 10 घ्या. पोट मोठं झालं की पाणी जास्त मावतं आणि टोक चांगलं असेल तर मोठा ब्रशसुद्धा बारीक रेघ काढतो. आता नंबरचं पण एक आहे, त्याला काही सगळ्यांचा मिळून ठरवलेला मापदंड नाही, एका कंपनीचा 8 दुसऱ्या कंपनीच्या 10 एवढा असू शकतो, त्यामुळे ऑनलाइन घेत असाल तर केसांची लांबी आणि फेरूलपाशी जाडी किती मिलिमीटर ते बघा, बरेच जण ते देतात. फेरूल म्हणजे ती धातूची नळी, जिच्यात केस बसवलेले असतात. फ्लॅटचं, म्हणजे चपट्या, सरळ धारेच्या ब्रशचं, मात्र सोपं, त्यांची रुंदी इंचात किंवा मिलिमीटरमधेच लिहिलेली असते.

सुरुवातीला काय काय लागेल? ए५ च्या वहीत काम करणाऱ्याला 8 चा राउंड पुरतो. ए४ ला 10 किंवा 12 चा राउंड आणि एक पाऊण किंवा एक इंची फ्लॅट. त्याहून मोठ्या कागदावर एखादा मॉप, म्हणजे मोठा गुबगुबीत ब्रश, जोडा, तो मऊ घराण्यातलाच घ्या, कारण ताठ धाग्याचा मॉप म्हणजे नावाला मॉप. नंतर वाटलं तर एक रिगर, म्हणजे लांब बारीक केसांचा, झाडाच्या फांद्या, तारा, गवत यासाठी. डॅगर, म्हणजे तिरक्या कापलेल्या केसांचा, घ्यायचा तर हौसेने घ्या, एकदा हात बसला की पानं आणि पाकळ्या एका फटक्यात निघतात पण त्याच्याशिवाय काही अडत नाही. फॅन ब्रशबद्दल माझं मत चांगलं नाहीये, त्याने काढलेलं प्रत्येक गवत एकसारखंच दिसतं.

दुकानात बघत असाल तर पाणी मागा. नवीन ब्रशच्या केसांना कंपनीने डिंक किंवा स्टार्च लावून टोक बसवलेलं असतं, त्यामुळे कोरडा ब्रश नेहमी सुंदरच दिसतो, त्यावरून काही कळत नाही. आणि तो कडक असताना बोटाने वाकवून बघू नका, धागे मुळाशी मोडतात. डिंक पाण्यात धुऊन काढा, मग ब्रश भरपूर ओला करून मनगटाने एक झटका द्या. झटक्यानंतर सगळे केस एका टोकाला आले तर ब्रश बरा. दोन टोकं झाली, किंवा एखाददुसरा केस बाहेर डोकावतोय, तर दुसरा काढायला सांगा, त्याच मॉडेलमधे पण एक ब्रश चांगला आणि एक वाईट निघतो. मग ओला ब्रश तळहातावर हलकेच दाबून सोडा आणि तो किती पटकन सरळ होतोय ते बघा, तीच स्प्रिंग. फेरूल हॅन्डलवर हलत नाही ना आणि त्याला जोड असेल तर तो नीट बंद आहे ना हेही बघून घ्या, बाकी हॅन्डलचा रंग, सोनेरी अक्षरं याला काही अर्थ नाही.

लेबल जरा लक्ष देऊन वाचा. 'सिंथेटिक सेबल' म्हणजे पूर्ण सिंथेटिक, त्यात सेबल नाही. 'सेबलाइन' म्हणजे बैलाचा केस रंगवून केलेला, सिंथेटिक अजिबात नाही. 'ब्लेंड' किंवा 'मिक्स' लिहिलं असेल तर त्यात नॅचरल केस आणि सिंथेटिक दोन्ही असतात, सिल्व्हर ब्रश कंपनीचा ब्लॅक व्हेल्व्हेट हा खार आणि सिंथेटिकचाच आहे. ज्यांना प्राण्याचा केस नकोच आहे त्यांनी हे विशेष बघावं, कारण ब्लेंडला पण बरेच जण बोलताना सरळ सिंथेटिक म्हणून टाकतात.

आता मुख्य गोष्ट, ब्रश भरायचा कसा

नवीन ब्रश घेतला की पेंटिंग करायच्या आधी एक टेस्ट करा, फार उपयोगी आहे. पॅलेटवर एका रंगाचं दुधासारखं पातळ मिक्स करा, ब्रश पूर्ण भरा, आणि कागदावर एका दमात नागमोडी रेघ ओढत जा, ब्रश कोरडा पडेपर्यंत. रेघ किती लांब गेली आणि सुरुवातीला किती जाड होती ते बघा. मग तोच ब्रश परत भरा, पण या वेळी भरल्यावर पोटाची एक बाजू पॅलेटच्या काठाला हलकेच टेकवून थेंब काढून टाका, आणि तशीच रेघ ओढा. बहुतेक सिंथेटिकमधे दुसरी रेघ पहिलीच्या जवळपास तेवढीच लांब जाते पण सुरुवातीचं तळं गायब असतं. म्हणजे जे पाणी भसकन सांडत होतं ते ब्रशमधे मावलेलं नव्हतंच, ते बाहेरून लटकत होतं.

यातून भरायची पद्धत निघते. ब्रश रंगात नुसता टोकाने बुडवायचा नाही, आडवा करून पोटापर्यंत भरायचा, गोल फिरवायचा, म्हणजे आतल्या धाग्यांपर्यंत रंग जातो. बाहेर काढताना काठाला एकदा टेकवायचा, निपटायचा नाही, फक्त टेकवायचा. आणि फेरूलपाशी जे पाणी साठतं ते फडक्याला किंवा स्पंजला स्पर्श करून काढायचं, हे फार कमी लोक करतात. फेरूलपाशीचं पाणी हेच खरं दगाबाज, तुम्ही पाकळीची बारीक कड काढत असता आणि ते वरून निवांत घरंगळत येऊन सगळा सत्यानाश करतं. डाव्या हातात, किंवा ज्या हातात ब्रश नाही त्या हातात, घडी केलेला जुना सुती फडका कायम ठेवा. टिश्यू चालतो पण तो लगेच लगदा होतो.

ब्रश धरायचा कोन पण महत्त्वाचा आहे. सिंथेटिक उभा धरला की सगळं पाणी टोकाकडे धावतं, कारण अडवायला आत काही नाही. तिरपा, जवळजवळ आडवा धरला की हळू उतरतं. म्हणून वॉशला आडवा, रेघेला उभा, आणि उभा धरायचा असेल तेव्हा आधी फडक्याला टेकवून पाणी कमी केलेलं. जोर पण कमी लावा, ताठ धाग्याच्या ब्रशवर दाब दिला की पाणी पिळून निघतं.

मोठा वॉश मारताना लोक घाबरतात, उगाचच. बोर्ड मागून थोडा उचला, 10 ते 15 अंश पुरे. रंग लागेल त्यापेक्षा जास्त कालवून ठेवा, अर्ध्यात संपला आणि परत कालवत बसलात तर पट्टा पडणारच, तिथं कुठलाही ब्रश वाचवू शकत नाही. वरून आडवा एक पट्टा मारा, त्याच्या खालच्या कडेला पाण्याची एक फुगीर लड जमा होईल. पुढचा पट्टा त्या लडीला स्पर्श करून मारायचा, म्हणजे लड खाली सरकते. सिंथेटिकमधे युक्ती एवढीच की ब्रश कोरडा व्हायची वाट बघायची नाही, प्रत्येक पट्ट्यानंतर भरायचा, रंग शिल्लक आहे असं वाटलं तरी भरायचा, आणि दर वेळी सारखाच भरायचा. सेबलवाला दोन तीन पट्टे एका भरण्यात मारेल, आपण प्रत्येक पट्ट्याला भरू, निकाल तोच. शेवटी खाली जी लड उरते ती पिळलेल्या ब्रशच्या टोकाने शोषून घ्या, नाहीतर ती उलटी वर चढते आणि फुलकोबीसारखा डाग पडतो.

वेट-ऑन-वेटमधे तर मला उलट सिंथेटिक आवडतो. कागद ओला आहे, त्यावर रंग सोडायचाय, तर ब्रशमधलं पाणी कागदावरच्या पाण्यापेक्षा कमी पाहिजे, जास्त झालं की ब्रशचं पाणी आधीच्या रंगाला ढकलतं आणि डाग फुलतो. सिंथेटिक फडक्याला एकदा टेकवला की पटकन कोरडा होतो, म्हणजे कंट्रोल सोपा. मऊ खारीच्या केसांचा मॉप कितीही टेकवला तरी त्याच्या पोटात किती पाणी आहे याचा अंदाज नवख्याला येत नाही. दाट रंग, ओलसर ब्रश, चकचक कमी झालेला कागद, मग सोडा. चकचक पूर्ण गेली आणि कागद नुसता गार लागतोय अशा वेळी मात्र हात लावू नका, ती सगळ्यात वाईट वेळ.

ग्लेझिंगला म्हणजे वाळलेल्या थरावर दुसरा पातळ थर देताना सावध राहा. ताठ सिंथेटिक खालचा रंग खरवडून उचलतो, विशेषतः स्वस्त सेल्युलोजच्या, म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या, कागदावर, आणि मग दोन्ही थर मिळून चिखल होतो. इथं मऊ घराण्यातला ब्रश घ्या, एका जागेवरून एकदाच जा, परत परत फिरवत बसू नका. तुमच्याकडे फक्त ताठ ब्रश असेल तर भरपूर भरून, कागदाला जेमतेम स्पर्श होईल असा चालवा, म्हणजे रंगाचं पाणी कागदाला लागतं आणि धागे फारसे लागत नाहीत.

कागदाचं पण इथंच सांगून टाकतो. सेल्युलोजच्या कागदावर पाणी वरच्या वर तरंगतं आणि मग एकदम वाळतं, त्यामुळे सिंथेटिकने सांडलेलं पाणी जास्त डोळ्यात येतं. 300 जीएसएमचा कॉटन कागद तेच पाणी हळूहळू पोटात घेतो आणि तुम्हाला वेळ देतो. ब्रशला शिव्या घालण्याआधी एकदा चांगल्या कागदाच्या तुकड्यावर तोच ब्रश चालवून बघा, बऱ्याचदा दोष कागदाचा निघतो. दोन्हीपैकी एकावरच खर्च करता येणार असेल तर माझ्या मते कागदावर करा.

जिथं सिंथेटिकच भारी

लिफ्टिंग, म्हणजे वाळलेला रंग परत उचलणं. ढगांची कड, पाण्यावरची चकाकी, चेहऱ्यावरचा हायलाइट. ओलसर ताठ फ्लॅट घ्यायचा, हलके दोन तीनदा घासायचं, लगेच टिश्यू दाबायचा, ब्रश धुवायचा, परत. हे सेबलने करायचं म्हणजे सेबलचा खून. थॅलो निळा, थॅलो हिरवा असले रंग कागदात मुरतात, ते पूर्ण उठणार नाहीत, त्यांच्यावर जोर काढू नका, कागदाचं साल निघेल.

फ्लॅट ब्रशच्या धारेने काढायच्या खिडक्या, भिंती, होडीच्या कडा, हे पण सिंथेटिकचं काम, धार सरळ राहते. ड्राय ब्रशला रफ किंवा कोल्ड प्रेस, म्हणजे खरखरीत पोताच्या, कागदावर ब्रश फडक्यावर निपटून आडवा ओढा, स्प्रिंग असल्यामुळे धागे कागदाच्या उंचवट्यांवरूनच जातात आणि मस्त दाणेदार पोत येतो. ग्वाश (अपारदर्शक वॉटरकलर) वापरत असाल तर त्याच्या दाट रंगाला तसाही ताठ धागाच लागतो.

मास्किंग फ्लुइड (कागदाचा पांढरा भाग रंगापासून झाकून ठेवणारा द्रव) लावायला तर जुना सिंथेटिकच, दुसरं काही नको. आधी ब्रश ओला करून साबणाच्या वडीवर फिरवा, केसांवर साबणाचा थर बसू द्या, मग फ्लुइडमधे बुडवा. मधे मधे धुऊन परत साबण लावा. हे रबरासारखं असतं, केसात वाळलं की संपलं. काम झालं की लगेच धुवा, फोन बिन नंतर.

ब्रश का मरतात आणि कसे वाचवायचे

सिंथेटिकचं आयुष्य सेबलपेक्षा कमी हे मान्य करूनच चला, टोक आधी जातं. रोज काम करणाऱ्याचा राउंड काही महिन्यांत बोथट होतो, कधीमधी करणाऱ्याचा वर्षानुवर्षं टिकतो. पण बरेचसे ब्रश झिजून मरतच नाहीत, मारले जातात.

सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे ब्रश पाण्याच्या भांड्यात टोकावर उभा सोडून जाणं. धागा प्लास्टिकचाच आहे, वाकलेल्या अवस्थेत राहिला की तसाच बसतो, टोकाला हुक येतो. शिवाय हॅन्डलचं लाकूड पाणी पिऊन फुगतं, वरचा रंग तडकतो, वाळल्यावर लाकूड आकसतं आणि फेरूल खुळखुळायला लागतं. दुसरा गुन्हा, वाळक्या पॅनवर, म्हणजे रंगाच्या सुक्या वडीवर, चांगल्या राउंडच्या टोकाने घासून घासून रंग काढणं. पॅनवर काम सुरू करायच्या आधी पाण्याचे दोन थेंब टाका किंवा स्प्रे मारा, मिनिटभर थांबा, रंग लोण्यासारखा येतो. आणि रंग कालवायला एक जुना ब्रश वेगळाच ठेवा. या एका सवयीने टोक कितीतरी जास्त टिकतं, कारण कागद जेवढं टोक झिजवतो त्याहून पॅन आणि पॅलेट जास्त झिजवतात.

वॉटरकलरचे ब्रश अ‍ॅक्रिलिकला वापरू नका. अ‍ॅक्रिलिक फेरूलच्या आत वाळलं की प्लास्टिक होतं आणि केस मुळापासून फाकतात, मग टोक कधीच येत नाही. वॉटरप्रूफ इंकचंही तेच.

धुवायला रोज साबण लागत नाही. साधं गार किंवा कोमट पाणी, पाणी स्वच्छ येईपर्यंत. आठवड्यातून एखादवेळी साधा सौम्य साबण तळहातावर घेऊन ब्रश हलका गोल फिरवा, फेरूलच्या दिशेने दाबू नका, मुळाशी अडकलेला रंग बाहेरच्या दिशेने काढा. नळाचं कडक गरम पाणी नको, फेरूलमधलं अ‍ॅडेसिव्ह ढिलं होऊ शकतं. धुतल्यावर झटका द्या, बोटांनी टोक जुळवा आणि आडवा वाळवा. उभा वाळवायचाच असेल तर टोक खाली करून टांगा, म्हणजे पाणी फेरूलमधे उतरत नाही. पांढरे धागे निळे हिरवे गुलाबी होतील, होऊ द्या, तो नुसता डाग आहे, पुढच्या रंगात उतरत नाही आणि तो काढायच्या नादात ब्लीच बिच अजिबात लावू नका.

प्रवासात ती प्लास्टिकची नळी चढवता ना टोकावर, ती चढवताना एक जरी केस उलटा वळला तर तो तसाच राहतो. ओला ब्रश नळीत बंद करून ठेवला तर आत बुरशी येते. त्यापेक्षा कापडाची गुंडाळी किंवा बांबूची चटई बरी, हवा खेळते. एक सुख मात्र आहे, नॅचरल केस कसर खाते, कपाटात ठेवलेले महागडे सेबल अर्धे झालेले सापडतात, नायलॉनला कीड हात लावत नाही.

टोकाला हुक आलाच तर एक इलाज आहे आणि तो फक्त सिंथेटिकलाच चालतो. कपात गरम पाणी घ्या, उकळी थांबून जरा वेळ झालेलं. ब्रश धुऊन घ्या, फक्त केस, फेरूल नाही, त्यात काही सेकंद धरा आणि कपाच्या बुडाला टेकू देऊ नका. बाहेर काढून लगेच बोटांनी टोक जुळवा, भाजणार नाही याची काळजी घ्या, मग गार पाण्यात बुडवा. उष्णतेने धागा नरम होतो आणि गार झाला की नव्या आकारात बसतो. वाळताना टोक राहावं म्हणून थोडा अरेबिक डिंक पातळ करून लावा, नसेल तर साबणाचा हलका थर, आणि दोन दिवस तसाच सोडा. वाकलेलं टोक यात बऱ्यापैकी सुधारतं. झिजून गेलेलं टोक मात्र परत येत नाही, धागाच आखूड झालाय तर गरम पाणी काय करणार.

असे निवृत्त ब्रश टाकू नका. एक रंग कालवायला, एक मास्किंगला, एक शिंतोडे उडवायला. आणि जो राउंड अगदीच कामातून गेलाय त्याचे केस धारदार ब्लेडने फेरूलपासून अर्धा सेंटीमीटर ठेवून सरळ कापा, ओला करून कापा म्हणजे केस पसरत नाहीत. छोटीशी ताठ स्क्रबर तयार होते, झाडाच्या पानांमधून येणारा उजेड उचलायला किंवा बाहेर गेलेली कड मऊ करायला. आधी खराब कागदावर घासून बघा, कापलेल्या धाग्यांच्या कडा सुरुवातीला टोचऱ्या असतात, बारीक सँडपेपरवर ओल्याने थोडा वेळ फिरवला की गोल होतात.